सर्जाचं अस्सल घराणं

१२ फेब्रुवारी १९५७, चिंचवड
स्टेशनवरच्या गुड्स क्लार्कच्या नोकरीचा आज राजीनामा दिला. साहेबांनी अडवलं नाही. गहिवरले असावेत.

खडकीहून दोन पांढरे ससे आणले. नर सर्जा, मादी मैना. इकडे औषधांचे कारखाने निघताहेत, त्यांच्या लॅबोरेटरीत ससे लागतात. एका डॉक्टरांना भेटलो. म्हणाले, कानात गोंदलेला नंबर आणि कागदावर खरी वंशावळ असेल तरच ससा घेऊ. खरी! मी जागच्या जागी ठरवलं. आपल्या रजिस्टरमध्ये खोटी ओळ येणार नाही आणि नोंद झाल्याशिवाय एक ससा घराबाहेर जाणार नाही. सगळ्या आळीला हे सांगूनही टाकलं.

संध्याकाळी सासरे आले, अर्जुनराव. चाकणला त्यांची कांद्याची अडत आहे. म्हणाले, दसऱ्यापातुर काय त्ये करा जावईबापू, न्हाई जमलं तर अडतीवर येऊन काट्याशी बसायचं. मी हसून हो म्हटलं. कांद्याच्या वखारीत माझा जीव घुसमटतो. पण दसरा फार लांब आहे.

१४ फेब्रुवारी
शेजारच्या वजीरभाईंनी पिंजरा करून दिला. सायकली दुरुस्त करतात, हात चांगला आहे, पण चौकशा फार. नर कुठला, मादी कुठली, हे कशावरून ठरवलं म्हणे. स्वभावावरून, मी म्हटलं. सर्जा करारी, मैना लाजरी. त्यावर म्हणाले, ज्योतीराव, एकदा उलटं धरून बघा की. सभ्य माणसाला हे शोभत नाही.

१७ फेब्रुवारी
गोंदणारी दुर्गाबाई आली. तिच्या शाईवर माझा विश्वास नव्हता म्हणून दौतीची शाई, काजळी आणि तुरटी घालून मीच एक शाई केली. ती म्हणाली, ह्ये पाणी मी मुक्या जनावराला लावायची न्हाई, आधी तुमच्या हातावर बघू. घाबरतो की काय? मनगट पुढे केलं. तिनं ‘स-१’ गोंदलं. डोळ्यांत पाणी आलं, ते काजळीमुळे. मग सर्जाच्या कानात तोच नंबर. तो हूं की चूं नाही. माझा आठवड्यात धुतला जाईल.

१६ मार्च
पिलं! मैनेला सात पिलं झाली. दोन दिवस सर्जा पोटाची लव उपटून कोपऱ्यात घर करत होता. आता तो पिलांना पोटाशी घेऊन बसलाय. असा बाप माणसांतसुद्धा मिळायचा नाही. मैना बेफिकीर, खाते आणि झोपते.

कौशल्या म्हणाली, अहो, सर्जाच व्यालाय. तिला शास्त्र समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि सर्जाला गूळ घातला.

हातावरचं अजून गेलं नाही. साबण बदलतो.

२ एप्रिल
रजिस्टर सुरू. आमच्या घरच्या वंशावळीचाच नमुना घेतला. पणजा, आजा, बाप, मुलगा. कौशल्यानं विचारलं, आईचा रकाना कुठाय? मी म्हटलं, आमच्या वंशावळीत तरी माझी आई कुठे आहे? तिनं भाकऱ्या जरा जोरात थापल्या.

९ जून
मोती नावाचा दुसरा नर आणला. भावाबहिणीची लग्नं लावायची नाहीत हे माझं तत्त्व. सर्जाच्या मुली मोतीच्या घरात द्यायच्या. मुली निवडल्या. शांत दिसल्या त्या.

११ ऑगस्ट
तिघी सासरी गेल्या. काल रात्रभर विचार करून एक सिस्टिम बसवली. मुलगी सासरी गेली की नाव बदलतं. मग नंबर का नको? दुर्गाबाईकडून डाव्या कानातले माहेरचे नंबर गोंदूनच खोडले आणि उजव्या कानात मोतीच्या घरचे घातले. ही पद्धत विलायतेतही नसेल.

कौशल्या बघत उभी होती. तिचं माहेरचं नाव छबू, लग्नात मी कौशल्या ठेवलं. म्हणाली, चाकणच्या बाजारात कुणी छबू म्हणून हाक मारली की अजून मान वळती माझी. मी म्हटलं, सवय होईल. लग्नाला अकरा वर्षं झालीत.

६ सप्टेंबर
मोतीच्या घरात मारामाऱ्या. एकीचा कान फाटला, नेमका नंबराचा. नव्या सुनांचं असं व्हायचंच. पिलं मात्र नाहीत. इकडे सर्जाच्या घरात तीन वेळा झाली. सर्जाचं पोट सुटलंय. वय.

ओटीवर पिंजरे, माजघरात पिंजरे. गवतासाठी सायकलवरून ताथवड्यापर्यंत जातो. वजीरभाई म्हणाले, चार पोरांना द्या वाटून, पोरं खूश होतील. कसे देऊ? निम्म्यांच्या नोंदी व्हायच्यात आणि नोंदीशिवाय ससा बाहेर जाणार नाही हे मीच ओरडून सांगितलंय. आज दारातून बाहेर पडायला तीन पिंजरे हलवावे लागले. मग बाहेर जायचं कशाला, म्हणून बसून राहिलो.

निश्चय: उद्यापासून पहाटे उठून नोंदी.

७ सप्टेंबर
उठलो नाही. ढगाळ होतं.

२८ सप्टेंबर
डॉक्टर आले. सर्जाला पुढे केलं, मूळ पुरुष म्हणून. त्यांनी त्याला उलटं धरलं. एवढी थोर असामी, पण उलटं धरलं. मग मैनेला. मग मोतीच्या सुनांना. नंतर हळू आवाजात म्हणाले की सर्जा मादी आहे, मैना नर आहे आणि सुनांपैकी दोघी नर आहेत.

मी म्हटलं, सर्जा आणि मैनेच्या नावांची अदलाबदल करतो, दोन मिनिटांचं काम. त्यांनी एक ससा उचलून विचारलं, याची आई कोण? आईचा रकाना नाही. हा दुसरा कुणाच्या पोटचा? नंबर खोडलेला. तिसऱ्याचा कान फाटलेला. म्हणाले, अक्षर सुंदर आहे, पण यातला एकही घेता येणार नाही. चहा घेऊन गेले.

फार लाज वाटली. कौशल्या हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, जेवायला वाढलं. त्यानं जास्तच वाईट वाटलं.

३ ऑक्टोबर, दसरा
मामांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, दिवाळीपर्यंत मुदत मागायची असं ठरवून पाठच केलं होतं. ते कांद्याचा रिकामा ट्रक घेऊनच आले. सोनं दिलं, पाया पडलो, तेवढ्यात हमालांनी पिंजरे चढवले. बोलायला मिळालंच नाही. वजीरभाईंनी ट्रकच्या फळीवर हात ठेवून खुदा हाफिज म्हटलं आणि पान दिलं. सर्जा वाटेत व्याला. व्याली.

७ ऑक्टोबर, चाकण
सर्जा आणि तिची नवी पिलं सोडून बाकी ससे बाजारात दुपारच्या आत खपले. एकाही गिऱ्हाइकानं आजा विचारला नाही. रजिस्टर बरोबर नेलं होतं, मामांनी ते उन्हासाठी डोक्यावर धरलं.

१९ ऑक्टोबर
काट्याशी बसतो. पुढे काटा, मागे गोण्या, डोळ्यांतून पाणी. उठलो तर तोल थांबतो, म्हणून उठायचं नाही.

मामांनी कुंचला दिला. गोण्यांवर नंबर घालायचं काम म्हणे तुमचंच, अनुभव हाय. एक सिस्टिम डोक्यात आली होती. सांगितली नाही.

हातावरचा नंबर गेला नाही. लिंबू झालं, रॉकेल झालं, वजरीच्या दगडानं घासून झालं. दुर्गाबाईनं पाहिला तर शाईचं कौतुक करील. सर्जाच्या कानातही तोच नंबर आहे, पण तिचा पिंजरा कौशल्यानं मोडून चुलीत घातला. आता सर्जा पिलं घेऊन अंगणभर फिरते.

इथं कौशल्याला कुणीच कौशल्या म्हणत नाही. सकाळपासून छबू, छबू. खुशीत असते. मला हमालांनी मनगट बघून नाव ठेवलंय, एक नंबर. पहिले चार दिवस मी ओ दिली नाही. तत्त्व म्हणून.

आज मागून कुणीतरी हाक मारली, ए एक नंबर, गोणी आली. मी वळून बघितलं.