खोटारडा काटा

१६ ऑगस्ट १९७०
विमान आले! आमच्या साखर कारखान्याचे स्वतःचे, उसावर औषध फवारणारे विमान. पिवळे, दोन खुर्च्यांचे, वापरलेले, पण रुबाबदार. ठराव माझा, सौदा माझा, उद्घाटनाचे भाषणही माझे. पाऊण तास बोललो. श्रीमंतराव (संचालक, विरोधी गट, दुसऱ्याच्या भाषणात जांभया देण्यात पटाईत) सर्वांसमोर म्हणाला, इंजिन जुनं हाय, उपाध्यक्षसाहेब, फसाल. त्याचे नाव आजपासून काळ्या यादीत.
आमची सौ. रंगुबाई ओटी घेऊन आली होती. खण, तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी. नवी गाडी घरी आली की ओटी भरायचीच, आणि विमान तर कारखान्याची लेक. पण या लेकीला पदर नाही. बायका गोंधळल्या. मी पाहिले, पंख्याच्या खाली नाकाला एक तोंड आहे. तिथे ओटी सारली. बाहेर पडू नये म्हणून कोपरापर्यंत हात घालून आत घट्ट बसवली. पायलट तेव्हा चहाला गेला होता. निर्णयशक्ती म्हणतात ती हीच.

१९ ऑगस्ट
फवारणी बंद! पायलट नूरुद्दीन विमान घेऊन वर गेला आणि दहा मिनिटांत खाली. कारण काय, तर इंजिनाचे तेल तापते. त्याला कोणी सांगितले? मॉनिटरने. म्हणजे समोरच्या फळीवरच्या तीन तबकड्या. त्यातल्या एकीचा काटा तांबड्यात गेला.
आमच्या शाळेत मॉनिटर होता, तो मास्तरांना माझ्या चुगल्या सांगायचा. तेव्हापासून या जातीवर माझा विश्वास नाही.

२० ऑगस्ट
मॉनिटर स्वतः पाहिला. तबकडीवर इंग्लंडचा छाप. काच पिवळी, आकडे पुसट. सगळे लख्ख समजले. साहेब गेला, पण त्याचा काटा अजून आमच्या छातीवर बसून आम्हाला सांगतो, तुम्ही तापलात, खाली उतरा. नाही उतरणार!
नूरुद्दीनचे म्हणणे, काटा बरोबर असेल, नाक खोलून हवेचा मार्ग बघू. मी म्हटले, इंजिनाला हात लावायचा नाही. नाक खोलले की श्रीमंतराव गावभर सांगणार, विमान मोडके घेतले. इंजिन उत्तम आहे. काटा खोटा आहे. नूरुद्दीन म्हणाला, "साहब, काटा बदलून ताप उतरत नाही." पायलट उद्धट आहे. पूर्वी हवाई दलात होता, तिथे असे बोलणे चालत असेल. इथे लोकशाही आहे.

२७ ऑगस्ट
उसावर पाकोळी ही रस शोषणारी कीड पडली आहे. मुळा नदीच्या कालव्यालगत पाने पांढरी. झुंबरबाई नावाची बाई ऑफिसात येऊन माझ्या टेबलापुढे उभी. तिचा दोन एकर ऊस. एकटी बाई, सभासद नंबर जुना, जीभ त्याहून जुनी. म्हणाली, "सायेब, इमान कवा फिरायचं?" मी तिला मॉनिटर, परकीय सत्ता आणि यंत्रयुग यांचा संबंध समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "तुमच्या बोलन्यानं पाकुळी मरत आसंल तर बांधावर यिऊन बोला. म्या च्या करते."
शेतकऱ्यांच्या शिक्षणासाठी पुष्कळ करायचे बाकी आहे.

३१ ऑगस्ट
सर्वसाधारण सभा. आयुष्यातले सर्वोत्तम भाषण. फ्रान्सच्या क्रांतीपासून सुरू केले, तबकडीवर आणले, नवा मॉनिटर बसवण्याचा ठराव मांडला. श्रीमंतराव मध्येच ओरडला, "आन् नवा मानिटर बसवूनबी तापलं तर?" क्षणाचाही विचार केला नाही. माईक दोन्ही हातांनी धरला आणि गरजलो, "नव्या मॉनिटरचा काटा तांबड्यात गेला, तर हा माणूस जन्मात पुन्हा माईकपुढे उभा राहणार नाही!"
टाळ्या. प्रचंड टाळ्या. श्रीमंतराव सर्वांत जास्त वाजवत होता. हरल्यावर माणूस नम्र होतो.
घरी सौ. म्हणाली, "आवो, बोलल्याबिगर तुमाला दोन घास जात न्हाईत. आसली पैज कशाला?" तिला म्हटले, ही पैज नाही, प्रतिज्ञा आहे. ती म्हणाली, मग तर लईच वाईट.

९ सप्टेंबर, मुंबई
तीन ऑफिसे, सात टेबले. प्रत्येक टेबलामागे एक माणूस, प्रत्येक माणसापुढे चहा. परदेशी मॉनिटरला आयातीचा परवाना लागतो म्हणे. मी म्हटले, परदेशी मागतो कोण? देशी द्या! तर तो चष्मेवाला हसला. हसण्याचे कारण विचारले तर फॉर्म पुढे केला. त्याला वीस मिनिटे सुनावले. त्याने जेवणाची सुट्टी जाहीर केली.

११ सप्टेंबर, मुंबई
मिळाला! विमानाचे सामान विकणाऱ्या एका दुकानात. देशी बनावट, कोरा, काळी तबकडी, पांढरे आकडे, सोबत नवी वायर. दुकानदार म्हणाला, अत्यंत खरा काटा आहे, शंकाच नको. मी म्हटले, मला नेमके हेच हवे आहे.
रात्रभर एसटीत मांडीवर घेऊन बसणार. सीटवर ठेवणार नाही.

१५ सप्टेंबर
पुण्याहून मेकॅनिक आला. जुना मॉनिटर काढला. मी तो हातात घेऊन म्हटले, जा, तुझे राज्य संपले. मेकॅनिक माझ्याकडे बघत राहिला. नवा बसवला. मग विचारतो, आलोच आहे तर नाक खोलून हवेचा रस्ता साफ करू का? हासुद्धा! नूरुद्दीनने पढवलेला दिसतो. म्हटले, तुला डोळा बदलायला बोलावले आहे, पोट फाडायला नाही. त्याने खांदे उडवले, कागदावर सही केली, जेवला, गेला. वांग्याचे भरीत दोनदा घेतले.
नूरुद्दीन जुना मॉनिटर फडक्यात गुंडाळून आपल्या खोलीत ठेवतो आहे. गुलामगिरी रक्तात भिनते ती अशी.

१६ सप्टेंबर
उद्या विजयदिन. ठरवले आहे:
मी स्वतः विमानात मागच्या खुर्चीवर. हातात बॅटरीवरचा कर्णा. उसावरून जाताना वरून भाषण. खाली शेतकरी, वर मी, मध्ये औषध.
नूरुद्दीन म्हणाला, इंजिनाच्या आवाजात ऐकू येणार नाही. मी म्हटले, माझा आवाज तू अजून ऐकलेला नाहीस. तो म्हणाला, ऐकलाय, साहब. रोज ऐकतो.

१७ सप्टेंबर, संध्याकाळ
लिहिताना दोन निबे मोडली. संतापाने.
सकाळी निघालो. नव्या मॉनिटरला झेंडूची माळ घातली होती. काटा हिरव्यात. मी कर्ण्यातून म्हटले, बंधूंनो आणि भगिनींनो. खाली उसात एक बैल उधळला, म्हणजे आवाज पोचत होता.
मग काटा हलला. नवीन आहे, रुळायला वेळ लागतो. आणखी हलला. नूरुद्दीन मागे वळून ओरडला, तांबड्यात चाललाय! मी त्याच्या खांद्यावरून पुढे वाकून माळ जरा खाली ओढली, म्हणजे तांबडा भाग झाकला जाईल आणि त्याचे मन शांत राहील. त्याने माळ तोडून बाहेर फेकली. देवाची माळ!
तेवढ्यात खोबरे भाजल्याचा खमंग वास आला. मला वाटले, खाली कुठेतरी जेवणावळ आहे. नूरुद्दीनला तसे सांगितले. त्याने एक शब्द उच्चारला तो इथे लिहीत नाही, आणि कालव्याच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर विमान उतरवले. समोर झुंबरबाईचा ऊस.
गर्दी जमली. श्रीमंतराव जीपमधून हजर, जणू वाटच बघत होता. नूरुद्दीनने मला न विचारता पाना घेतला आणि नाक खोलले. तेल गार करायचे भोक हेच, असे म्हणत हात आत घातला. बाहेर काढले:
करपलेला हिरवा खण.
भाजलेले तांदूळ.
काळे हळकुंड.
खोबऱ्याची वाटी, चांगली खरपूस.
झुंबरबाई पुढे झाली, वाटी हुंगली आणि म्हणाली, "आगं बया, ही तर ओटी! तेल गार करायच्या भोकात ओटी भरली कुनी?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तिथे सौ.सुद्धा होती. ती पदराआड तोंड करून खण निरखत होती. खण तिच्या माहेरचा.
मी म्हटले, हा विरोधकांचा कट आहे. सौ. हळूच म्हणाली, "आवो, हात तर तुमचाच हुता, कोपरापातूर."
श्रीमंतराव हसला नाही. हेच जास्त लागले. टोपी काढून त्याने फक्त विचारले, "उपाध्यक्षसाहेब, काटा तांबड्यात गेला न्हवं?"

१८ सप्टेंबर
विचार केला. प्रतिज्ञा "इंजिन बिघडलेले निघाले तर" अशी होती का? नाही. सभेतल्या चारशे माणसांना शब्द न् शब्द पाठ आहे. चारशे माणसे उसाचा भाव विसरतात, हे विसरत नाहीत.
नाक साफ करून नूरुद्दीनने विमान उडवले. दोन तास. काटा हिरव्यात. गंमत म्हणून जुना मॉनिटर जोडून पाहिला, तोही हिरव्यात. मला कळवण्याची काही गरज नव्हती.

२० सप्टेंबर
मौन ही पण एक शक्ती आहे. थोर माणसे मौन पाळत. यापुढे विचार फक्त लिहून. आज लिहायला बसलो. हात उंचावल्याशिवाय वाक्य सुचत नाही.
झुंबरबाईच्या उसावर फवारणी झाली. तिने सौ.कडे खरवस पाठवला आणि निरोप, सायबाला म्हनावं बांधावर या, बोलू नका, नुसतं बसा.

२ ऑक्टोबर
कारखान्यावर जाहीर सभा. व्यासपीठावर खुर्ची मिळाली. माईक नाही. चेअरमन म्हणाले, प्रत्येक वक्त्याला दहा मिनिटे, वेळ पाळायला एक जाणता माणूस हवा. माझ्या हातात टेबलावरची पितळी घंटी दिली. ठीक आहे. शिस्त हीसुद्धा देशसेवा.
श्रीमंतराव बोलायला उठला. विषय: यंत्र आणि शेतकरी. म्हणजे माझा विषय! दहा मिनिटे झाली. घंटी वाजवली. थांबला नाही. पुन्हा वाजवली. थांबला नाही. उभा राहून दोन्ही हातांनी वाजवली.
श्रीमंतरावाने माईकवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि लोकांना म्हणाला, "घंटी जुनी झालीया. खोटी वाजती. बदलून घिऊ."
टाळ्या. प्रचंड टाळ्या.