डाव्या हाताने लिहिलेलं

४ ऑगस्ट, सोम.
ॲरेचा कन्स्ट्रक्टर लिहून संपला. नव्या ब्राउझरच्या स्क्रिप्ट इंजिनातले मूळ कन्स्ट्रक्टर, म्हणजे यादी, तारीख अशा वस्तू घडवणारे कोडचे तुकडे, माझ्या वाट्याला आलेत. ॲरेला, म्हणजे यादीला, एक आकडा दिला की तेवढ्या रिकाम्या जागा, दोन दिले की तेच दोन आकडे. वेडेपणा, पण नियमात आहे म्हणजे आहे.
जेवताना दादानं हक्कसोडीचा कागद पुढे सरकवला. बाबांचं ओढ्याकडचं खाचर पुण्याच्या पार्टीला द्यायचंय, माझा हिस्सा आडवा येतो. नाही म्हटलं. ताट भिंतीवर. आमटी माझ्या केसांत.

६ ऑगस्ट, बुध.
आज डेटचा, म्हणजे तारीख-वेळेचा, कन्स्ट्रक्टर घेतला. ‘न्यू’ लावून बोलावलं तर वस्तू मिळते. न लावता बोलावलं तर कंसात काहीही द्या, फक्त आत्ताची वेळ, तीही नुसता मजकूर. माझा कोड कंसातलं वाचत बसला, चाचण्या धडाधड नापास.
दुपारी दादानं वहिनीला पट्ट्यानं मारलं. का, तर तिनं मला समजावलं नाही. मी मध्ये पडले. आई मलाच म्हणाली, सही करून टाक, घर शांत होईल.

७ ऑगस्ट, गुरु.
डाव्या हाताने लिहितेय.
चाचण्या पास. कोड पाठवला आणि तेवढ्यात दादा आत. लॅपटॉप ओढायला लागला, मी सोडेना. बाहेर ढकललं मला, आणि चौकटीवरच्या माझ्या हातावर दार आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.
अंगणात कुदळीचा दांडा होता. तो बाहेर आला तसा त्याच्या गुडघ्यावर घातला. तो पडला. पडल्यावर अजून एक घातला. तो दुसरा…

९ ऑगस्ट, शनि.
दोन बोटं मोडलीत, प्लास्टर. दादा ओसरीवर, गुडघा भोपळ्याएवढा. माझ्यावर केस टाकणार म्हणतो. आई दोघांना जागेवर ताट नेऊन देते.
डेटचा कोड मंजूर झाला. टीमला कळवलं, हात दारात अडकला. खोटंही नाही म्हणा.

११ ऑगस्ट, सोम.
पौडला पोलिसांत जायला निघाले, तर वहिनी पिशवी घेऊन मागे. एसटीच्या थांब्यावर दोघीच. तिला म्हटलं, मी पण मारलंय. तो पडल्यावरसुद्धा. ते सांगायचं का?
तिनं पिशवी खाली ठेवली.
“समदं सांगा, वन्स. म्या बी धा वर्सांचं सांगनार हाय.”
मग पदराखाली हात नेऊन तिनं पाठ चाचपली. एसटी वळणावर दिसतेय. आई मागून येतेय, अनवाणी, हाका मारत. वहिनीला की मला, इथून कळत नाही.