झोपून केलेली नोकरी

प्रिय मनालीताई,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच, की त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. बाबांची शपथ घेतली असती, पण आता बाबाच नाहीत. तू फोनवर येत नाहीस. शेजारची हंसाकाकी तिच्या घरचा फोन धरून कुंपणावरून तुला हाका मारते ते मला इकडे ऐकू येतं, मग तीच काहीतरी पुटपुटून फोन ठेवते. म्हणून लिहायला घेतलं. सातवीनंतर एवढं मोठं काही लिहिलं नाही, तेव्हा चुका बघत बसू नकोस. आधी एक पत्र पेन्सिलीनं लिहिलं होतं, कारण उताणं पडून पेन वर धरलं की शाईच उतरत नाही. अक्षर एवढं घाण आलं की तुला खात्रीच पटली असती मी दारू पितो म्हणून. ते फाडलं. हे बसून लिहितोय.

मी बंगलोरला विमानाच्या शेडमध्ये कामाला आहे असं तुला सांगितलं होतं. सुरुवातीला होतो, झाडूपोछा करायचो. मग जवळच्याच एका संस्थेतल्या डॉक्टरांना धडधाकट, बिनलग्नाची पोरं हवी होती. काम काय, तर झोपायचं. हसू नको. दोन महिने खाटेवर पडून राहायचं, खाट पायाकडून उचललेली, डोकं खाली. जेवण पडून, आंघोळ पडून, बाकीचंही पडून. त्याचं कारण असं, की वर अंतराळात माणसाला वजनच नसतं. पुढेमागे माणसं तिथे राहायला जाणार, घरं करणार, तर त्यांच्या हाडामांसाचं काय होईल ते आधी इथे असं झोपवून बघतात. आता तूच बघ, मिठागरातून पळालो, वसईच्या बेकरीतून पळालो, विरारच्या गॅरेजमध्ये तर दुपारच्या चहापर्यंतसुद्धा टिकलो नाही, आणि मी, पायाला भिंगरी लागलेला, खाटेवर पडायच्या नोकरीला लागलो. आणि टिकलो.

तुला हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो? बाबा रेतीच्या होडीवरून पडले तेव्हापासून पाच वर्षं खाटेवर. कंबरेखाली काही नाही. आई तर आधीच गेलेली. तू आलेली स्थळं परत पाठवलीस, बाबांचं सगळं काढलंस, पुसलंस, कूस बदललीस. आणि तुझा हा भाऊ परमुलखात झोपायचा पगार घेतो, हे आपल्या जूचंद्र गावात कळलं असतं तर देवळापासून बस स्टॉपपर्यंत तुझी टिंगल झाली असती. म्हणून शेडच सांगत राहिलो.

इथे समोरच्या भिंतीवर एक चित्र लावलंय. काळं आभाळ, राखेसारखी जमीन आणि तिच्यावर ओळीनं पांढरी गोल घरं. पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा मला वाटलं आपल्याच मिठाच्या राशी आहेत, उन्हाळ्यात बांधावर लावून ठेवलेल्या. डॉक्टर मॅडमना तसं बोललो तर त्या इतक्या हसल्या की सिस्टर बघायला आली. मॅडम म्हाताऱ्या आहेत, हिंदी अडखळत बोलतात, पण माझ्याशी बोलताना स्टुलावर बसतात. म्हणतात, ‘कल्पेश, बॉडी बहुत समझदार है। जो काम का नहीं, वो छोड़ देती है।’ म्हणजे पायांना उचलायला काही उरलं नाही की पाय बारीक होतात, रक्त वर चढवायला नको म्हटलं की काळीजही लहान होतं. जिथे राहाल तिथलं अंग होतं. तिकडे जायला सोपं, परत यायला कठीण. त्या चित्रातल्या घरांत उद्या पोरं जन्मली, तर त्यांना म्हणे आपल्या जमिनीवर उभंच राहता येणार नाही, एवढी ही जमीन जड. मी विचारलं, मग त्यांनी आजोबांना भेटायला कसं यायचं? मॅडम चार्टवर लिहीत राहिल्या.

ताई, झोपून माणसाला काय दिसतं तुला माहीत आहे का? तुला माहीत असायचं कारण नाही, तू पाच वर्षांत पाठ टेकलीस कधी? सगळ्यांच्या नाकपुड्या दिसतात. हनुवट्या दिसतात. माणूस येतो, वरून बोलतो, निघून जातो, त्याचा चेहरा काही हाताला लागत नाही. बाबा मला सारखे म्हणायचे, ‘पोऱ्या, खाली बस जरा.’ मला वाटायचं माझ्या भटकण्यावरून बोलतायत. मी उंबऱ्यातूनच काय ते विचारायचो आणि सटकायचो. त्यांना नुसतं माझं तोंड बघायचं होतं गं. हे मला इथे येऊन कळलं, तेव्हा ठरवलं होतं की सुटलो की घरी जाऊन पहिला खाटेजवळ जमिनीवर बसणार. पण आधी बाबाच गेले.

आता त्या सकाळचं ऐक. वॉर्डातल्या फोनची वायर माझ्या उशीपर्यंत यायची, तोच नंबर मी काकीला ऑफिसचा म्हणून दिला होता. काकी म्हणाली, ‘तुजा बाबा गेला रं. कवा निघतोस? संध्याकालच्या पुढं नाय ठेवता येनार.’ डोकं खाली ठेवून ठेवून माझं नाक चोंदलेलं, जीभ जड झालेली, आवाज असाच घोगरा येतो. मी म्हटलं, काकी, मला उभं राहता येत नाही. खरं तेच म्हटलं. काकी मग म्हणाली, ‘सकालपासनंच लावलीस कं रं मेल्या?’ मी परत सांगायला गेलो तर जीभ आणखीच अडकली, रडत होतो ना. मग तू फोन घेतलास. तू काय बोललीस ते लिहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो.

तू फोन ठेवलास आणि मी पाय खाली टाकले. उभा राहिलो तशी समोरची भिंत काळी झाली. शुद्धीवर आलो तेव्हा हनुवटी फुटली होती. वॉर्डबॉय डॉक्टरला बोलवायला पळाला, तेवढ्यात मी रांगत दारापर्यंत गेलो. तिथेच मॅडमनी धरलं. त्या जमिनीवर बसल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं, म्हणाल्या, तुझं काम संपलं, मी तुला विमानानं पाठवते. मला खुर्चीत बसवलं तर नाडी लागेना. झोपवलं की लागायची. असं दुपारपर्यंत चाललं. बाबा तिकडे अंगणात असतील, तू एकटी, एकुलता एक मुलगा असून चौथा खांदा शेजाऱ्याचा, आणि पुढे मडकं धरून तू. माझ्या हनुवटीला टाके घालत होते तेव्हा खिडकीत ऊन उतरलं होतं. मी ओळखलं, निघाले असतील.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. मागितली तरी तू देणार नाहीस, तुझा स्वभाव काय मला नवीन आहे? पण रविवारी काकी फोनवर रडायला लागली. म्हणाली, पोरगी बाबाच्या खाटेवर पडून हाय, चूल पेटवत नाय, पानी दिलं तर तोंड फिरवते, बोलावलं तर वासे बघत राहते. ताई, मी तेव्हापासून घाबरलोय. अंग लई लवकर शिकतं गं. तुला आता उचलायला कोणी नाही, उठवायला कोणी नाही, तर तुझे हात, तुझे पाय आता काम नाही म्हणतील आणि सोडून देतील. मला माहीत आहे, मी तिथून आलोय. म्हणून एवढं माझं ऐक. आधी कुशीवर हो. मग हातावर जोर देऊन बस आणि पाय खाली सोड. लगेच उठू नको. डोळ्यांपुढे अंधारी येईल, येऊ दे, ती जाते. भिंत धर. पहिल्या दिवशी ओट्यापर्यंत गेलीस तरी पुष्कळ, तिथे बसून एक भाकरी खा. दुसऱ्या दिवशी विहिरीपर्यंत. मला आता जिना चढता येतो, मॅडमनी तिकीट काढून दिलंय, हे पत्र तुला पोचेल त्याच्या मागोमाग मी निघेन. काकीला दार उघडायला लावू नको. तूच उघड. तोंडात येईल त्या शिव्या घाल, गाव जमवून घाल, पण माझ्यासमोर उभी राहून घाल.

तुझ्याच कडेवर वाढलेला,
कल्पेश