पुढे सरकवलेली थाळी

हौगांग, रविवार

पप्पा, सलाम.

फोनवर तुम्ही प्रार्थनेने सुरुवात करता आणि प्रार्थनेनेच संपवता. मध्ये मला जागाच नसते, म्हणून हे लिहितेय. पाठवणार नाही.

सतरा वर्षांची होते. चर्चची वाजवायची पेटी दुरुस्त करायला येणाऱ्या हर्षलचा हात मी धरला, एवढंच. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाला आम्ही सगळे गुडघे टेकून होतो आणि तुम्ही, आमचे पाळक, भाकर देत देत मला ओलांडून पुढे गेलात.

इथे परदेशातल्या चर्चमध्ये भाकरीची थाळी बाकांवरून हातोहात फिरते. इतकी वर्षं मी ती न घेता पुढे सरकवतेय. दमले हो, पप्पा.

काल तुमच्या नातीने, हन्नाने, तिच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगितलं. मी रागावले नाही. उलट, तिला धीर यावा म्हणून हर्षलची आणि त्या रविवारची सगळी गोष्ट सांगितली.

आज थाळी आली तेव्हा तिने ती तशीच माझ्याकडे दिली. हळूच म्हणाली, "मम्मी, नाऊ आय ऑल्सो कॅनॉट, राइट?"

मी दोन तुकडे उचलले. एक तिच्या तळहातावर ठेवला. तिने खाल्ला.

दुसरा अजून माझ्या रुमालात आहे.

तुमचीच,
सुवार्ता