चौदा मेयर माझ्या हातात

३० जानेवारी, रविवार
काल टीव्हीवर क्लेमांसला विचारलं, घरातलं आणखी कोण राजकारणात आहे. ती म्हणाली, "आत्या आहे ना. सभेला कॉफी तीच बघते." म्हणून ही वही. खरं काय ते कुठेतरी लिहिलेलं असावं. क्लेमांस माझी भाची, वय एकतीस. पप्पांनी देशाभिमान्यांचा पक्ष काढला तेव्हा तिचा बाप शाळेत होता आणि मी लील शहरात कायदा शिकत होते.

२ फेब्रुवारी
पप्पा ऐंशीव्या वर्षी पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहणार. त्याला पाचशे लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, म्हणजे बहुतेक खेड्यांतले मेयर. जेवताना पप्पा म्हणाले, तुम्हा दोघींत जी जास्त मेयर आणेल तिला माझी खासदारकीची जागा. क्लेमांसने टेबलावरच फोन लावायला घेतले. शिस्त नाही.
संकल्प: मी प्रत्येकाच्या दारात जाणार.

९ फेब्रुवारी
बीटाच्या शेतांतली सहा गावं. चिखल. मेयर देलवँकूर ट्रॅक्टरवरून उतरलेच नाहीत. म्हणाले, "ओडिलबाई, नावं जाहीर होतात हो. बायको म्हणते, सही केलीस तर जेवायलाही पक्षाकडेच जा."
त्यांना देशाची आठवण करून दिली. पाऊण तास. सही झाली.
फॉर्म मात्र मी सगळ्यांकडून स्वतःच्या ताब्यात घेते. पप्पांच्या पहिल्या निवडणुकीत गठ्ठा मीच पॅरिसला नेला होता. पेपरातल्या फोटोत माझा कोपर स्पष्ट दिसतो.

१५ फेब्रुवारी
माझे चौदा. तिचे नऊ.
क्लेमांसचा फोन. म्हणे कायदा बदललाय, फॉर्म मेयरनेच टपालाने पाठवायचा, दुसऱ्याने नेलेला धरत नाहीत. मला कायदा शिकवते. घाबरली आहे. गठ्ठा माझ्या हातून सुटावा, एवढाच हेतू.

२२ फेब्रुवारी
सह्या करणाऱ्यांची यादी आठवड्यातून दोनदा जाहीर होते. आज तिचे नऊही मेयर यादीत. माझा एकही नाही. उत्तम. शेवटी एकदम चौदा पडले की पप्पांच्या लक्षात राहील.
नव्या पोस्टरवर पप्पांशेजारी ती. हेवा नाही. तिची हनुवटी मात्र फार पुढे आली आहे. आज चाळीस पोस्टरं चिकटवली, सगळ्यांवर पुढे आली आहे.

४ मार्च, शुक्रवार
संध्याकाळी सहाला मुदत. सकाळच्या गाडीने पॅरिस, निळा सूट. सह्या जमा करण्याच्या कार्यालयात खिडकीतल्या बाई म्हणाल्या, उमेदवाराच्या माणसांकडून आम्ही फॉर्म घेत नाही. मी सांगितलं, मी कायदा शिकले आहे. त्यांनी विचारलं, कोणत्या साली.
त्यांचं नाव टिपून घेतलं आहे.

७ मार्च
पप्पांच्या सह्या चारशे एकोणनव्वद. अकरा कमी. पप्पा निवडणुकीत नाहीत.
जेवणानंतर त्यांनी एवढंच विचारलं, "ओडिल, तुझ्याकडे किती होत्या?"
सांगितलं. ते कोट न घालता बागेत गेले. क्लेमांस शाल घेऊन त्यांच्यामागे गेली. ते मलाही सुचलं होतं, पण ती दाराजवळ बसली होती.

९ मार्च
खासदारकीची जागा क्लेमांसला. खिडकीतल्या बाईंविरुद्ध तक्रार लिहायला घेतली, पण पत्त्यापुढे सरकली नाही.
आज तिला सुपूर्द केलं: जिल्हा कार्यालयाच्या किल्ल्या, दोन. मतदारसंघाचा नकाशा, एक. पोस्टरची खळ, अर्धी बादली. सह्या केलेले फॉर्म, चौदा.
किल्ल्या, नकाशा आणि खळ यांची पोच मिळाली. फॉर्म तिने घेतले नाहीत.