मधला नारळ

पुणे, १४ जुलै २०२५

ती. स्व. चंद्रावती मावशीस,
तनयाचा शि. सा. नमस्कार.

फोन केला तर काका स्पीकर लावून अर्ध्या धारगळला ऐकवतात, शिवाय कागदावर शाईची सही हवी, म्हणून पत्र. माझी कंपनी लोकांनी फेसबुकवर टाकलेले साधे फोटो परवानगी घेऊन जाहिरातींना देते. मोठे फोटोग्राफर न परवडणारी गिऱ्हाइकं आमची. दहा वर्षांपूर्वी तू टाकलेला चतुर्थीचा फोटो एका लोणचेवाल्यांना आवडलाय. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली गोकुळदासकाका आणि त्यांचे धाकटे भाऊ अनंतकाका हसताहेत तो. दोघांच्या सह्या सोबतच्या एकाच कागदावर हव्यात. ते बोलत नाहीत हे ठाऊक आहे. जमलं तर बघ.

माया आणि आंबाड्याचं लोणचं, दोन्ही पाठवत राहा.
तुझी, तनया

धारगळ, २२ जुलै

चि. तनयास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

गे बाय, जमलं तर बघ म्हणायला तुझं काय जातं. विहिरीच्या पंपावरून भांडले त्याला नऊ वर्षं झाली. घरात मधे भिंत, आणि निरोप पोचवायला मी. तरी गणपती एकच. माटोळीची अर्धी बाजू हे बांधतात, अर्धी अनंतभावजी, आणि मधला नारळ मी, स्टुलावर चढून. यंदा गुडघे चढू देणार नाहीत. त्यात भावजी वेगळा गणपती आणायचं म्हणताहेत. नवा पाटसुद्धा करून घेतलाय, मूर्ती घडवायला चित्रशाळेत नेऊन द्यायचा तेवढा बाकी आहे. माझ्या डोळ्यांदेखत देव वाटून घेतला तर मी रडेन, आधीच सांगून ठेवते.

म्हणून दोघांना सांगितलंय, समोरासमोर बसूनच सही करायची असा कंपनीचा नियम आहे. खोटं बोलले. तू तोंड उघडू नकोस.

जीव लाव, पण जेवून घेत जा.
तुझी मावशी

पुणे, ४ ऑगस्ट

ती. स्व. मावशीस,
शि. सा. नमस्कार.

घोळ झालाय. लोणचेवाल्यांना माटोळीतलं तोरिंजन, ते लिंबाच्या जातीचं मोठं फळ, तेवढं हवंय. फोटो कापला, त्यात दोन्ही काका गेले. आता तुझी एकटीची सही पुरे, नवा कागद सोबत आहे. उगाच धावपळ करायला लावली, माफ कर. त्यांना फोन करून सांगू का?

राग धरू नये, लोभ धरावा.
तनया

धारगळ, २९ ऑगस्ट

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला नाहीस ते बरं केलंस. तुझं पत्र आलं तेव्हा दोघं मेजाशी समोरासमोर बसले होते. तो तिसरा दिवस. भावजी रोज सकाळी पावाचे गरम उंडे घेऊन यायचे आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायचे. एकेका कलमावरून वाद. वाद घालायचा तर बोलावं लागतं. मी तुझं पत्र तांदळाच्या डब्यात तळाला घातलं आणि चहा ठेवला. पाचव्या दिवशी सह्या झाल्या.

तो कागद पाठवत नाही. तुला लागत नाही, मला लागतो. माझ्या सहीचा वेगळा जोडलाय, तुझ्या तोरिंजनाचं होऊ दे काय ते. नवा पाट भावजींच्या माळ्यावर आहे, त्यावर कांदे सुकताहेत.

यंदाच्या चतुर्थीचा फोटो सोबत आहे. हा विकायचा नाही. मधला नारळ दोघांनी मिळून बांधलाय. चांगलाच वाकडा आहे. मी तसाच राहू दिला.

लोणचं कुरियरने येतंय. माया आहे तिथेच आहे.
तुझी मावशी