पलंग कुणी घेतला नाही

ता. ४ मार्च

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला वेळ नाही, पण न विचारता तुमच्या वस्तूंना हात लावला तर तिकडून शाप द्याल, म्हणून लिहिते. थंडी गेली. खिडक्या उघडल्या आणि उजेडात घर कसं दिसलं ते सांगायची लाज वाटते. दवाखान्याच्या धुलाई खात्यात दिवसाला चारशे चादरी पांढऱ्या करते आणि माझ्याच माळ्यावर बोटभर धूळ. रविवारपासून कंबर कसली आहे.

आमच्या खात्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. फाटलं की पुसायला, डाग गेला नाही की बाहेर. तोच घराला लावते आहे. स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. तुमच्या पिशवीत बत्तीस झाकणं निघाली, एकालाही डबा नाही. मग पिशव्यांची पिशवी निघाली, तिच्यात आणखी एक पिशव्यांची पिशवी. अकरा किल्ल्या निघाल्या, त्यांची कुलपं कुठल्या जन्मातली देव जाणे. लेकाला घेऊन माहेरी राहायला आलात त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून हे सगळं तुम्ही माझ्यापासून वाचवलंत. एक झाकण फेकलं होतं तर दोन दिवस बोलला नव्हतात. तेव्हा तुमचा भाऊ होता. आपल्या दोघींचे निरोप इकडून तिकडे नेऊन दमायचा बिचारा. तो गेल्यापासून भांडणसुद्धा समोरासमोरच करावं लागलं.

आता तुमचं काय ते सांगा. न्हाणीघरात पडलात आणि भाचा तुम्हाला घेऊन गेला, तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेलात. चार झाले. तुमचा पलंग मधली खोली अडवून बसला आहे, रोज माझी नडगी त्याच्यावर आपटते. वीस तारखेला जुन्या सामानाचा दुकानदार गाडी घेऊन येतो आहे. येणार असाल तर ठेवते, नसाल तर तसं सांगा. मला घोळ चालत नाही.

बाकी ठीक. परवा परात हातातून सुटली. तुम्ही असता तर मधल्या खोलीतून लगेच आवाज आला असता, काय फोडलंस म्हणून. तो एक त्रास कमी झाला म्हणायचा.

लोभ असू द्या, ठेवायला आता इथे जागा भरपूर होईल.

तुमची,
घाईबाई


ता. ११ मार्च

चि. घाईबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईनं वाचून दाखवलं आणि उत्तरही तीच लिहिते आहे. माझा हात फार कापतो. सरळ रेघ ओढायला जावं तर साप निघतो.

इथे सगळं छान आहे. चौथा मजला आहे पण लिफ्ट आहे. मला वेगळं कपाट दिलं आहे, दार उघडलं की आत आपोआप दिवा लागतो. घर इतकं नीट की चष्मा खिडकीत ठेवला तर मी शोधायच्या आधीच तो त्याच्या घरात जाऊन बसलेला असतो. लेक पहाटे बस घेऊन निघतो. सूनबाई चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी असते, तरी घरी आली की आधी माझ्याकडे बघते. माझी नखंसुद्धा तीच कापते. आणखी काय हवं माणसाला?

तेव्हा झाकणं टाक, पिशव्या टाक, किल्ल्याही टाक. पलंगही देऊन टाक. मी आता इथेच राहणार, तो अडवून ठेवून काय करायचं? तुझी नडगी तरी वाचेल.

जेवणखाण वेळेवर करत जा. उभ्यानं खाऊ नकोस. माया आहेच, ती पत्रात किती मावणार.

तुझी वन्सं

ता. क. मामी, सूनबाईचा नमस्कार. आई पलंगाचं म्हणाल्या तेव्हा मी दोनदा विचारलं, खरंच लिहू ना. दोन्ही वेळा हो म्हणाल्या. आईंची काळजी करू नका.


ता. २१ मार्च

ती. वन्संना शि. सा. न.

पत्र मिळालं. टाक म्हणालात, टाकलं. झाकणं, पिशव्या, किल्ल्या, सगळं काल गाडीत गेलं. पलंगही गेला. गाडी दारातून हलायच्या आधी त्याला गिऱ्हाईकही मिळालं. आमच्याच दवाखान्यातली नवी नर्स आहे, भाड्याच्या खोलीत नुसत्या जमिनीवर निजत होती. पलंग बघून तिला इतका आनंद झाला की मलाच राग आला.

एक विचारते. राग मानू नका, मानलात तरी विचारते. एका झाकणासाठी दोन दिवस अबोला धरणारी बाई सगळं टाक असं एका ओळीत कशी म्हणते? मला वाटलं होतं पानभर भांडाल. हे ठेव, ते ठेव, त्याला हात लावलास तर याद राख. माझी उत्तरंसुद्धा तयार होती, ती तशीच राहिली. दिव्याचं कपाट मिळालं की माणूस असं बदलतं का? बदलत असेल. मी चौथी शिकलेली, मला काय कळतं.

घर आता लख्ख झालं आहे. मधल्या खोलीत पलंगाच्या पायांखालच्या फरशीवर चार पांढरे चौकोन राहिलेत. सोड्यानं घासले, काथ्यानं घासले. रक्ताचे डाग काढणारी बाई मी, पण हे निघत नाहीत. आणि घर वाजायला लागलं आहे. चमचा ठेवला तरी समोरच्या भिंतीवरून आवाज परत येतो. नडगी आता आपटत नाही, पण पाय आपोआप वळतो. नसलेल्या पलंगाला वळसा घालून जाते मी. शेजारीण म्हणाली, किती ऐसपैस झालं हो. तिला म्हटलं, मग ये राहायला. ती हसली आणि आपल्या घरी गेली.

तुम्ही सुखात आहात, बरंच आहे. माझी काही तक्रार नाही. आपला लोभ तेवढा गाडीत गेला नसावा.

घाईबाई


ता. २८ मार्च

घाईबाई,

हे माझ्या हातानं. अक्षराला हसू नकोस. तीन दिवस लागले. दोघं कामावर गेली की बसते. पाकिटावर पत्ता घालून पेटीत टाकायला खालच्या मजल्यावरची बाई आहे.

तू भांडलीस, बरं वाटलं. इथे कुणी भांडत नाही.

सूनबाई गुणाची आहे, हेच अवघड आहे. ती समोर पेन धरून बसली होती. माझा पलंग राहू दे हे तिच्याच हातानं कसं लिहून घेऊ? तिला वाटलं असतं, आपलंच काही कमी पडलं. म्हणून हो म्हटलं. दोनदा म्हटलं.

सोय सगळी आहे. पण मी ठेवलेलं ठेवल्या जागी राहत नाही. दह्याचा डबा रिकामा झाला, धुऊन ठेवला. संध्याकाळी नव्हता. विचारलं नाही मी. पाहुण्यानं काय विचारायचं.

यायचं म्हणत नाही. डॉक्टर प्रवास नको म्हणतात. पुन्हा पडले तर तू चादरी सोडून कुठे धावशील? पण दुपारी आडवी होते तेव्हा डोळे मिटून मी मधल्या खोलीत असते. उजवीकडे खिडकी. पलीकडून तुझी आदळआपट. आता तिथे पलंग नाही. मनातल्या मनात कुठे निजायचं ते कळत नाही.

गेला तो गेला. त्या पोरीला लाभो. हळहळू नकोस. तुझं उत्तर सूनबाईच वाचेल. जन्मात तुला जीभ आवरता आली नाही, एवढ्या पत्रापुरती आवर.

परात पडली तेव्हा काय फोडलंस?

वन्सं


ता. ६ एप्रिल

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि. सूनबाईला आशीर्वाद, वाचून दाखवायची तसदी घेते म्हणून.

विशेष काही नाही. एक डोकेदुखी तेवढी सांगायची आहे. तुमचा पलंग परत आला. कुणी घेतला नाही. नर्सला त्याची कुरकुर सोसेना. दुकानदार म्हणाला, असली जुनी धुडं आता खपत नाहीत. तेव्हा अडगळ पुन्हा माझ्याच गळ्यात. कुठे ठेवणार? होता तिथेच लावला. चारी पाय त्या चार चौकोनांवर बरोबर बसले, तसूभरही इकडे तिकडे नाही. सकाळीच नडगी आपटली.

माझा मोठा पलंग मात्र नर्सला फार आवडला, तो ती घेऊन गेली. कसा काय ते सोडा. मी आणि तिनं हातगाडी ढकलली, एक पलंग जाताना आणि एक येताना. माझा खांदा धरला आहे, पण तो चादरींमुळे. मी खाली गादी टाकते, पाठीला बरं म्हणतात. तुमच्या पलंगावर मी निजत नाही, तो खरंच कुरकुरतो. धुतलेली चादर अंथरून ठेवली आहे, दवाखान्यात कोपरे दुमडतो तशी. खिडकी उजवीकडेच आहे. तिला कुठे जायचंय.

झाकणं गेली ती गेली, त्याला इलाज नाही. एक शेगडीमागे सापडलं, ते सोबतच्या पुडक्यात पाठवते. त्याच्या मापाचा डबा या घरात कधीच नव्हता. सूनबाई, तुझ्याकडे दह्याचे बिह्याचे डबे रिकामे होतील ते टाकत जाऊ नकोस. आईंच्या हाताशी दे, एकेकाला लावून बघतील. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी उद्योग लागतो. लागलं तर मला कळवा, न लागलं तरी कळवा.

मी उभ्यानं खात नाही. पलंगाच्या कडेला टेकून खाते, तेवढाच त्याचा उपयोग.

लोभ असेल तिथेच असू द्या, जागा कुणाला देणार नाही.

तुमची,
घाईबाई

ता. क. मागे परातीचं लिहिलं होतं, ते अर्धवटच राहिलं. काल पुन्हा हातातून सुटली. मी जरा वेळ थांबले. मग मधल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, काही फुटलं नाही म्हणून.